सेवाज्येष्ठता : पायलटची आणि आपली



१ ऑक्टोबर २०१७ ला काकडीचे शिर्डी विमानतळ सुरू झाले आणि आपल्या नगर जिल्ह्यातल्या पोरांच्या डोक्यावरून विमाने जाऊ लागली. तेव्हापासून "मोठा होऊन काय होणार?" असे विचारले की वर्गातून एखादा तरी "पायलट!" म्हणतोच. परवा एकाने विचारले, "मॅडम, पायलटला एवढा पगार, मग ते संप कशाला करतात?" प्रश्न छोटा, पण उत्तर आपल्याच कामाचे आहे.

पायलटच्या नोकरीत पगाराइतकीच महत्त्वाची असते ती सेवाज्येष्ठतेची यादी. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत कोणते विमान, कोणती ड्युटी, दिवाळीसारख्या सणाला सुट्टी कुणाला, हे सगळे यादीतल्या क्रमांकावर ठरते. कंपनी बदलली की अनुभवी माणूसही यादीच्या तळाशी! ओळखीचे वाटते ना? आंतरजिल्हा बदलीने स्वतःच्या गावाजवळ आलेल्या आपल्या कितीतरी सहकाऱ्यांचे हेच होते. सेवा होते बारा वर्षांची, पण नव्या जिल्हा परिषदेच्या यादीत नाव शेवटी. पदोन्नतीची वाट पुन्हा पहिल्यापासून.

आता संपाकडे वळू. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. कंपनी एक झाली, पण याद्या, पगार आणि संघटना दोनच राहिल्या. २०११ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे पायलट समान वेतनासाठी संपावर गेले. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या पायलटांनी ५८ दिवस संप केला. नव्या ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाला दिले तर आपली बढती मागे पडेल, ही त्यांची भीती होती. त्या वेळी दुसरा गट मात्र विमाने उडवतच होता. देशांतर्गत सेवा चालू राहिली आणि संपाचा जोर तिथेच अर्धा झाला. शंभरावर पायलटांना बडतर्फ केले गेले, संघटनेची मान्यता काढली गेली. पगार मोठा होता, हातातले कौशल्य दुर्मिळ होते, तरी फूट महागात पडली.

याउलट मार्च २०२३ आठवा. जुनी पेन्शन आहे ती १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना. तरी आमच्यासारख्या नंतर लागलेल्यांसाठी ज्येष्ठ गुरुजी सात दिवस संपात उभे राहिले. त्यात त्यांचा स्वतःचा फायदा नव्हता. पालकहो, त्या सात दिवसांत मुलांचे नुकसान झाले, हे मी नाकारत नाही. म्हणूनच संप हा शेवटचा उपाय असावा, असे माझे मत आहे.

पण एक नक्की. सेवाज्येष्ठता हवीच, कारण ती वशिलेबाजीला आळा घालते. मात्र यादीत वर असलेल्याने खालच्याला विसरू नये. आज सोळा हजारांवर राबणारा शिक्षणसेवक यादीत सर्वात खाली आहे. त्याच्या प्रश्नावर आपण गप्प बसलो, तर उद्या आपल्या प्रश्नावर तो का बोलेल?

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "बाळा, पगार कितीही असो, भांडण बहुतेकदा रांगेतल्या जागेचे असते." तुम्ही काय सांगितले असते?