हवाई दलात जायचंय, पण कोणत्या दाराने?

बारावीच्या वर्गात विचारलं की ‘हवाई दलात जायचंय’ म्हणणारी पाच-सहा मुलं-मुली दर वर्षी निघतातच. ‘जाऊन काय व्हायचंय?’ म्हटलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं, पायलट. आणि अर्ज भरलेला असतो अग्निवीरवायूचा. तालुक्याच्या गावात पदार्थविज्ञान शिकवताना हे इतक्यांदा पाहिलंय, की या आठवड्याचं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं.

हवाई दलात शिरायची दारं दोन आहेत, अधिकाऱ्यांचं आणि वायुसैनिकांचं. लढाऊ विमान चालवतो तो अधिकारी. अग्निवीरवायू, म्हणजे वायुसैनिक, होऊन कॉकपिटमध्ये बसता येत नाही, हे मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना अर्ज भरायच्या आधी कळायला हवं. वायुसैनिकाचं काम त्यामुळे कमी ठरत नाही. लोहगावच्या धावपट्टीवरून सुखोई उडतं ते जमिनीवरच्या माणसांनी प्रत्येक जोडणी तपासून ‘ठीक’ म्हटल्यावरच. ओझरच्या डेपोत विमान पार उघडून पुन्हा जोडतात, रडारवर रात्रभर कुणीतरी डोळे लावून बसलेलं असतं. ज्याला यंत्राची ओढ आहे त्याचं इथे मन रमेल. फक्त एक लक्षात घ्या, कोणता ट्रेड मिळणार हे हवाई दल ठरवतं, आपण नाही.

आता मुदत. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली आणि सैनिकी नोकरीचं जे चित्र आपल्या घराघरात होतं ते बदललं. पूर्वी भाऊ किंवा मामा एअरमन म्हणून लागला की वीस वर्षांनी पेन्शन घेऊन यायचा, गावात घर बांधायचा. अग्निवीरवायूची नेमणूक चार वर्षांची. त्यानंतर तुकडीतल्या जास्तीत जास्त 25 टक्के जणांना नियमित सेवेत घेतात, बाकीचे घरी येतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सेवेत असताना कँटीन आणि लष्करी दवाखाना मिळतो, बाहेर पडल्यावर नाही. माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

पैशाचा हिशेब कागदावर मांडून बघा. पहिल्या वर्षी महिना 30 हजार, दुसऱ्या वर्षी 33 हजार, मग साडेछत्तीस, शेवटी 40 हजार. यातले 30 टक्के सेवानिधीत कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21 हजार आणि चौथ्या वर्षी 28 हजार. त्यावर भत्ते वेगळे. चार वर्षांत मुलाचे 5 लाख 2 हजार जमतात, सरकार तेवढेच घालतं, आणि जाताना व्याजासह दहा लाखांच्या वर रक्कम करमुक्त मिळते. सेवाकाळात 48 लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता मुलाला भरावा लागत नाही. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी दहा लाख ही मोठी रक्कम आहे. पण बहिणीचं लग्न, विहिरीचं काम आणि सोसायटीचं कर्ज या तिन्हींसाठी तिच्यावर घरच्यांनी आधीच हक्क सांगितलेला असेल, तर मुलाच्या हातात काही उरणार नाही. तो पैसा त्याच्या पुढच्या शिक्षणाचा किंवा धंद्याचा आहे, असं घरात बसून आधीच ठरवा.

मुदतीत लग्न करता येत नाही, ही अटही मुलींच्या घरी आधी बोलली जायला हवी. अगदी अपवादात्मक कारणाशिवाय मधेच सोडूनही येता येत नाही.

पहिली तुकडी डिसेंबर 2022 च्या अखेरीस बेळगावजवळच्या सांबऱ्याला प्रशिक्षणाला दाखल झाली. त्या वर्षी सुमारे साडेसात लाख अर्ज आले होते आणि निवड झाली जेमतेम तीन हजारांची. या मुलांची चार वर्षं 2026 संपताना पुरी होतात. म्हणून माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पाचव्या वर्षाचं विचारतो. कायम झालास तर उत्तमच, नाही झालास तर? केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी 10 टक्के जागा राखून ठेवायचा निर्णय 2022 मध्येच जाहीर झाला. सेवेतल्या प्रशिक्षणाचे गुण धरून पदवी देणारा अभ्यासक्रम इग्नूने आणला. त्याला नाव घालायचं ते पहिल्या वर्षीच. परत आल्यावर पदवी हातात असणं आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर पुन्हा रांगेत उभं राहणं, यात फार अंतर आहे.

पात्रतेत आमची मुलं कुठे अडकतात तेही सांगतो. बारावीला गणित, पदार्थविज्ञान आणि इंग्रजी मिळून 50 टक्के हवेत, आणि शिवाय एकट्या इंग्रजीत 50. गणितात 88 आणि इंग्रजीत 47 असलेली गुणपत्रिका घेऊन मुलगा समोर बसतो, तेव्हा सांगायला शब्द सापडत नाहीत. अकरावीपासून इंग्रजीचा तास बुडवून मैदानावर पळणाऱ्यांनी हे ऐकावं. ऑनलाइन परीक्षेतही इंग्रजी आहेच, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात.

धावणं त्या मानाने आटोक्यातलं. 1.6 किलोमीटर, मुलांना सात मिनिटं, मुलींना आठ. म्हणजे चारशे मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या, मुलाची प्रत्येक फेरी पावणेदोन मिनिटांत. तीन महिने नियमाने पळणाऱ्याला हे जमतं. खरी गळती वैद्यकीय तपासणीत होते. दोन्ही पाय जुळवून उभं केलं की गुडघे एकमेकांना टेकतात का, तळवे सपाट आहेत का, कोपर सरळ होतो का, हे बघतात. सहा मीटरवरून कुजबुजलेलं प्रत्येक कानाला ऐकू यायला हवं. दात मोजतात, रंग ओळखायला लावतात. आणि गोंदण! दंडावर जत्रेत कोरून घेतलेलं नाव, छातीवर महाराजांची मुद्रा. भावना कितीही खरी असो, हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू सोडली तर इतरत्र कायमचं गोंदण चालत नाही. आदिवासी रूढीचा अपवाद तेवढा वेगळा. गावातल्या डॉक्टरांकडून ही तपासणी अर्ज भरण्याआधी करून घ्यायला फार खर्च येत नाही. वर्षभर अ‍ॅकॅडमीची फी भरून शेवटच्या दिवशी सपाट तळव्यांवर बाहेर पडलेला मुलगा मी पाहिला आहे. त्याच्या वडिलांनी त्या फीसाठी म्हैस विकली होती.

अ‍ॅकॅडमीवाल्यांबद्दल एवढंच म्हणेन की पळवून घेणारे आणि गणित शिकवणारे चांगले लोक त्यात आहेत. पण ‘वर आपली ओळख आहे’ असं म्हणणाऱ्याच्या दारातून तिथल्या तिथे माघारी फिरा. परीक्षेची फी 550 रुपये आणि त्यावरचा कर. त्यापलीकडे निवडीसाठी कुणालाही रुपया द्यावा लागत नाही.

मला सगळ्यात जास्त सलतं ते दुसऱ्या, अधिकाऱ्यांच्या दाराबद्दलचं अज्ञान. विज्ञान शाखेत गणित घेतलेली हीच मुलं एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा देऊ शकतात. वर्षातून दोनदा होते, बारावीत शिकत असतानाही देता येते. खडकवासल्याला तीन वर्षं, मग हैदराबादजवळ दुंडीगलला पुढचं प्रशिक्षण. 2021 ते 2024 या काळात हवाई दलप्रमुख असलेले विवेक राम चौधरी नांदेड जिल्ह्यातले, आणि तेही एनडीएतूनच गेले. मुलींना हे दार 2022 मध्ये उघडलं, आणि पहिल्या 17 जणी मे 2025 मध्ये बाहेरही पडल्या. दहावीनंतरच तयारी सुरू करायची तर छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था 1977 पासून आहे, मुलींसाठी आता नाशिकला. ही माहिती आमच्या गावापर्यंत पोचत नाही, भरतीचं पोस्टर मात्र एसटी स्टँडवर पोचतं.

म्हणून ज्या घरात बारावीला गणित आणि पदार्थविज्ञान घेतलेलं मूल आहे त्यांना हात जोडून विनंती, अग्निवीरवायूचा अर्ज खुशाल भरा, पण एनडीएचाही भरा. मुलांना त्याची फी 100 रुपये आहे. मुलींना काहीच नाही.