विश्लेषण : बारा फोटोंचा जुना कॅमेरा काय शिकवतो?

फोनमधला फोटो बिघडला तर तो पुसून लगेच दुसरा काढता येतो. दोन भिंगांच्या जुन्या कॅमेऱ्यात ती सोय नाही, आणि फिल्मचा खर्चही मोठा. तरीही नव्याने शिकणारे हौशी हे कॅमेरे शोधत असतात. पण असा कॅमेरा घेतला म्हणजे फोटोग्राफी आली का?

टीएलआर कॅमेरा म्हणजे काय?

ट्विन लेन्स रिफ्लेक्स अर्थात टीएलआर कॅमेऱ्याला पुढे एकावर एक अशी दोन भिंगे असतात. वरचे पाहण्यासाठी, खालचे फोटो घेण्यासाठी. वरच्या भिंगातून आलेली प्रतिमा आतल्या तिरक्या आरशावरून माथ्यावरच्या काचेवर उमटते. त्यामुळे कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून पाहावे लागते. जर्मनीतील फ्रांके अँड हायडेके कंपनीच्या ‘रोलीफ्लेक्स’ने १९२९च्या सुमारास हा प्रकार लोकप्रिय केला. भारतात छायापत्रकार होमाई व्यारावाला यांनी तो वापरला, तर गावोगावच्या स्टुडिओंत आणि लग्नांत जपानी ‘याशिका’ दिसे. आज दिवाणखान्यात शोभेला ठेवला जाणारा हा कॅमेरा तेव्हा पोटापाण्याचे साधन होता.

शिकताना अडचण कुठे येते?

पहिली अडचण म्हणजे काचेवर डावे-उजवे उलटे दिसते. कॅमेरा उजवीकडे वळवला की दृश्य भलतीकडेच सरकते. हात सरावायला वेळ लागतो. दुसरी अडचण दोन भिंगांमधल्या अंतराची. जवळून चेहरा टिपताना वरच्या भिंगात डोके पूर्ण दिसते, पण खालच्या भिंगातून ते कापले जाऊ शकते. काही मॉडेलमध्ये यावर उपाय केलेला असतो, बाकीच्यांत डोक्यावर थोडी जागा सोडावी लागते. तिसरी अडचण प्रकाश मोजण्याची. अनेक जुन्या कॅमेऱ्यांत मीटरच नसतो. ‘याशिका मॅट १२४जी’मध्ये तो आहे, पण त्याच्या मूळच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत.

मग प्रकाशाचा अंदाज कसा घ्यायचा?

लख्ख उन्हात ॲपर्चर १६वर ठेवायचे आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका धरायचा, हा जुना नियम आजही चालतो. म्हणजे १०० आयएसओच्या फिल्मला सेकंदाचा १/१२५ भाग. ढग आले, सावली आली की ॲपर्चर टप्प्याटप्प्याने उघडायचे. डिजिटलमध्ये जास्त प्रकाशाने पांढरा पडलेला भाग परत मिळत नाही. निगेटिव्ह फिल्मचे उलट आहे. तिला थोडा जास्त प्रकाश चालतो, पण कमी पडला तर सावलीतला तपशील उमटतच नाही.

खर्च परवडतो का?

१२० आकाराच्या एका रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो येतात. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून खर्च सहज हजार रुपयांपुढे जातो. म्हणजे एका क्लिकला ऐंशी-शंभर रुपये. पूर्वी उटीचा ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ हा सरकारी कारखाना ‘इंदू’ नावाने फिल्म बनवत असे, तोही बंद पडला. शिवाय मुंबई-कोकणच्या दमट हवेत बंद कपाटात राहिलेल्या भिंगांना बुरशी लागते आणि जुनी शटरे मंद वेगावर अडकतात. म्हणून खरेदीपूर्वी भिंगातून टॉर्चचा प्रकाश टाकून पाहणे आणि एक सेकंदाचा वेग ऐकून पाहणे, एवढे तरी करायलाच हवे.

खरे शिक्षण कुठे होते?

इथेच बहुतेकांचे चुकते. रोल लॅबमध्ये दिला, स्कॅन मोबाइलवर आले, आवडले ते समाजमाध्यमांवर टाकले, की संपले. पण स्कॅन करताना अनेकदा फोटो उजळ किंवा गडद करून ‘सुधारले’ जातात. त्यामुळे चूक झाकली जाते आणि पैसे मोजूनही शिकणारा जिथल्या तिथे राहतो. खरा निकाल निगेटिव्हवर असतो. ती प्रकाशासमोर धरली की प्रकाश कमी पडलेला फोटो फिका, जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि जास्त पडलेला काळाकुट्ट. मात्र त्या फोटोला कोणते ॲपर्चर आणि कोणता वेग दिला होता, हे वहीत लिहिलेले नसेल तर ही माहितीही वाया जाते. फोन ही नोंद आपोआप ठेवतो, जुना कॅमेरा ठेवत नाही.

तर हा कॅमेरा घ्यावा का?

फोटोला केवळ जुना रंग हवा असेल तर घेऊ नये. ते काम फोनमधला फिल्टर फुकटात करतो. प्रकाशाचे गणितही फोनच्या मॅन्युअल मोडमध्ये शिकता येते. मात्र बटण दाबण्याआधी निर्णय घ्यायची सवय फोन लावत नाही, कारण चुकण्याची किंमत तिथे शून्य असते. बारा फोटोंची मर्यादा ती सवय लावते. त्यासाठी महागडी रोलीफ्लेक्सच हवी असे नाही. घरात किंवा नात्यात पडून असलेली, दुरुस्त होणारी याशिका, एकाच प्रकारची कृष्णधवल फिल्म आणि दहा रुपयांची वही पुरेशी आहे. पाच-सहा रोलनंतर वही आणि निगेटिव्ह शेजारी ठेवून आपली चूक स्वतःला सांगता आली, तर खर्च वसूल झाला म्हणावे. नाही तर तो कॅमेरा दिवाणखान्यातच बरा.