क्रूझचा पूर्ण दर एकाच कागदावर द्या

पावसाळा सरला की मुंबईच्या क्रूझचा हंगाम सुरू होतो. ठाण्याच्या गोखले रोडपासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत आपल्या ट्रॅव्हल एजंटांच्या कार्यालयांच्या काचांवर माणशी भाड्याचे मोठे आकडे लागतात आणि तेच आकडे सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरू लागतात. तो दर असतो इनसाइड केबिनचा, दोघांनी मिळून घेतलेल्या जागेचा, बहुधा आठवड्याच्या मधल्या दिवसांचा. पोर्ट चार्जेस, कर, टिप, व्हिसा, विमा, टीसीएस हे सगळे त्याच्या बाहेर राहते. ग्राहकाला खरा खर्च कळतो तोवर त्याचे डिपॉझिट अडकलेले असते. आपल्या धंद्यातली ही पद्धत आता थांबायला हवी.

थांबवायची वेळ आताच आहे, कारण ग्राहक वाढणार आहेत. बॅलार्ड पिअरचे मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये खुले झाले. केंद्राचे ‘क्रूझ भारत मिशन’ त्याच्या वर्षभर आधी, ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतच जाहीर झाले होते. क्रूझ प्रवाशांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणारी कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ २०२१ पासून आपल्या ग्राहकांच्या ओळखीची आहे. सिंगापूरची क्रूझ तर ठाणे-कल्याण पट्ट्यात पहिल्या परदेश सहलीचा भाग होऊन बसली आहे. यापुढे आपल्याकडे येणारा क्रूझचा ग्राहक बहुतांशी पहिल्यांदाच जहाजावर चढणारा असेल. त्यातल्या ज्येष्ठांना भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणबोट आठवते. तिकीट काढले की प्रवासाचा खर्च संपला, हाच त्यांचा जहाजाचा अनुभव. त्यांना आजचा हिशेब समजावून सांगणारे आपल्याशिवाय दुसरे कोणी नाही.

टिपेचेच घ्या. मोठ्या अमेरिकी कंपन्यांत साध्या केबिनसाठी माणशी रोजी सोळा ते वीस डॉलर टिप प्रवाशाच्या खात्यावर आपोआप चढते. सोळाच धरले तरी चौघांच्या कुटुंबाचे चार रात्रींचे २५६ डॉलर होतात, म्हणजे बावीस हजार रुपयांच्या आसपास. शेवटच्या सकाळी बिल पाहून ग्राहक आपल्याला फोन करतो आणि हे आधी का सांगितले नाही असे विचारतो. त्याचा प्रश्न रास्त असतो. ही रक्कम बुकिंगच्या दिवशी आपल्याला ठाऊक असते, बहुतेक कंपन्यांत ती आगाऊ भरताही येते. मग ती कोटेशनमध्ये यायलाच हवी.

सवलतींबाबत आपण आणखी सावध असायला हवे. ‘मुले मोफत’ याचा अर्थ मुलांचे मूळ भाडे माफ. पोर्ट चार्जेस आणि बहुतेक ठिकाणी टिप भरावीच लागते. तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाला स्वस्त दर मिळतो, पण ती जागा अनेकदा भिंतीतून किंवा छतातून उघडणाऱ्या वरच्या बर्थची असते. आजी-आजोबांना मुलाच्या केबिनमध्ये बसवून पैसे वाचवणारे कोटेशन देताना रात्री शिडी कोण चढणार हे विचारले पाहिजे. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त पडते, कारण केबिन कोणती ते कंपनी ठरवते. दोन कुटुंबांना शेजारी राहायचे असेल तर ती विकूच नये. ड्रिंक्स पॅकेज एकाने घेतले तर त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावे लागते, असा नियम रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांत आहे. नवरा बिअर घेणारा आणि बायको लिंबूपाण्यावर खूश, अशा जोडप्याला ते पॅकेज विकणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे. एकट्या प्रवाशाचा प्रश्न तर आपल्या भागात फार मोठा आहे. जोडीदार गेलेले, मुले परदेशी असलेले कितीतरी ज्येष्ठ डोंबिवलीत आणि ठाण्यात आहेत. दर दोघांच्या हिशेबाने ठरत असल्यामुळे एकट्याला जवळजवळ दोघांचे भाडे पडते. अशा ग्राहकाला त्याच्या संमतीने सोबती जुळवून देणे हे काम संकेतस्थळ करणार नाही, आपण करू शकतो.

ग्रुपच्या बाबतीत स्पष्ट लिहिणे भाग आहे. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे, बँकांचे निवृत्त कर्मचारी हे आपल्या पट्ट्यातले क्रूझचे सर्वात भरवशाचे ग्राहक. अनेक कंपन्या ठरावीक प्रवाशांमागे, बऱ्याचदा सोळांमागे, एक जागा मोफत देतात. ती जागा कोणाकडे जाते? कधी संघाच्या आयोजकाकडे, कधी एजंटच्या नफ्यात, आणि बहुतेक वेळा बाकीच्या पंधरा जणांना तिचा पत्ताही नसतो. आयोजक खरोखर राबतो, त्याला ती जागा मिळावी यात गैर काही नाही. पण ती सगळ्यांना सांगून मिळावी. सहलीहून परतल्यावर ही गोष्ट बाहेर आली की संघात भांडणे होतात आणि तो ग्रुप पुन्हा आपल्याकडे येत नाही.

आता रद्द करण्याच्या नियमांकडे. परदेशी क्रूझचे पूर्ण पैसे साधारण ७५ ते ९० दिवस आधी भरावे लागतात आणि त्यानंतर रद्द केल्यास कपात टप्प्याटप्प्याने पूर्ण भाड्यापर्यंत जाते. हे टप्पे तारखांसह मराठीत लिहून दिलेले कोटेशन आपल्यापैकी किती जण देतात? इंग्रजी अटींच्या दुव्यावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे. पण बहात्तर वर्षांच्या ग्राहकाची शस्त्रक्रिया निघते तेव्हा तो त्या दुव्याकडे जात नाही, आपल्या दुकानात येतो. मार्ग बदलण्याचा अधिकारही कंपनीने राखून ठेवलेला असतो. लक्षद्वीपला मोठे जहाज खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवासी छोट्या बोटींतून बेटावर जातात. समुद्र खवळलेला असला तर उतरणे रद्द होते. जानेवारी २०२२ मध्ये कोविडचे रुग्ण सापडल्यामुळे कॉर्डेलियाचे जहाज गोव्याहून मुंबईला परत आणावे लागले होते. या शक्यता विकताना सांगितल्या की ग्राहक बिचकत नाही, तयारीने जातो.

कंपनीच बुडाली तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. मुंबईहून एप्रिल २०१९ मध्ये गाजावाजात सुरू झालेली जलेश क्रूझेस ऑक्टोबर २०२० मध्ये बंद पडली आणि तिची ‘कर्णिका’ अलंगला भंगारात निघाली. आपल्या ग्राहकांची आवडती ड्रीम क्रूझेस चालवणारी गेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२ मध्ये अवसायनात गेली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘गेंटिंग ड्रीम’ सिंगापूरहून पुन्हा सुटू लागली, पण रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसच्या नावाने. जहाज तेच असले तरी करार करणारी कंपनी वेगळी होती. ब्रिटनमध्ये पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाच्या पैशांना कायद्याने संरक्षण द्यावे लागते. आपल्याकडे तशी सक्ती नाही, म्हणून शिस्त आपणच पाळली पाहिजे. ग्राहकाचे पैसे मिळाले की कंपनीकडे भरावेत आणि तिची पावती ग्राहकाच्या हातात द्यावी. एका ग्रुपच्या अॅडव्हान्सवर दुसऱ्या ग्रुपची तिकिटे काढणे हा आपल्या धंद्यातला सर्वात घातक रिवाज आहे.

कायद्याची बाजूही समजून घ्या. अनेक अमेरिकी कंपन्यांच्या तिकिटावर वाद फ्लोरिडातल्या न्यायालयात चालेल असे कलम असते आणि १९९१ साली कार्निव्हलच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कलम वैध ठरवले. कल्याणचा ग्राहक मायामीला जाणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तो जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो, आणि त्याच्या हातात नाव-पत्ता असतो तो आपला. ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या विक्रीचे तेरा प्रकार दिले आहेत. सुरुवातीला कमी दर दाखवून पुढे एकेक रक्कम वाढवत नेणे हा त्यातलाच एक. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून जाहिरातीतच सक्तीचे सगळे शुल्क दाखवणे बंधनकारक झाले, तेव्हा मोठ्या क्रूझ कंपन्यांनी पोर्ट चार्जेस धरून दर दाखवायला सुरुवात केली आणि त्यांची विक्री काही थांबली नाही. तिथे जमते ते नौपाड्यात न जमायला कारण नाही.

टीसीएस समजावणे टाळू नका. परदेश सहलीच्या पॅकेजवर २०२० साली आलेल्या या करवसुलीचा दर आणि मर्यादा तेव्हापासून अनेकदा बदलल्या. एप्रिल २०२५ मध्ये मर्यादा सात लाखांवरून दहा लाखांवर गेली. म्हणून दर वर्षी एप्रिलमध्ये आपल्या सीएकडून ताजा दर लेखी घ्या. ही रक्कम विवरणपत्र भरताना ग्राहकाच्या कराच्या हिशेबात धरली जाते, हे त्याला सांगितले की निम्मी कुरबुर तिथेच संपते. व्हिसाबाबत एकच सूचना: जहाज मध्येच दुसऱ्या देशात जाऊन परत येत असेल तर मल्टिपल एंट्री आहे का ते तपासा. ग्रीसच्या बेटांवरून तुर्कस्तानच्या कुशादासीला जाऊन परतणाऱ्या क्रूझवर सिंगल एंट्री शेंगेन व्हिसा घेऊन ग्राहकाला पाठवणे हा अक्षम्य दोष आहे.

आणि निघण्याच्या दिवसाचे काय? बॅलार्ड पिअरला चेक-इन जहाज सुटण्याच्या बरेच आधी बंद होते. रविवारी निघणाऱ्या डोंबिवलीकराला मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकची आठवण आपणच करून द्यायची. चहासाठी घेतलेली छोटी केटल आणि इस्त्री बहुतेक जहाजांवर चढताना काढून घेतात. घरचे लाडू-चिवडेही अनेक कंपन्यांना चालत नाहीत, बंद पाकिटातले चालते. जैन जेवण आधी कळवावे लागते. गर्भवतीला चोविसाव्या आठवड्यापासून आणि सहा महिन्यांच्या आतील बाळाला बहुतेक कंपन्या घेत नाहीत. जहाजावरच्या डॉक्टरचे बिल भाड्यात नसते आणि परदेशी जहाजावर ते डॉलरमध्ये येते, म्हणून ज्येष्ठांचा विमा आधीपासूनचे आजार आणि जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च यांसह घ्या.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की सगळे जोडून दर सांगितला तर ग्राहक शेजारच्या स्वस्त आकड्याकडे जाईल. काही जातीलही. आपले कमिशन मूळ भाड्यावर मिळते, पोर्ट चार्जेस आणि करांवर नाही, त्यामुळे हाती फार उरत नाही हेही खरे आहे. ती तूट लपवलेल्या रकमेतून भरून काढण्यापेक्षा माणशी सेवाशुल्क उघडपणे लावा. व्हिसाचे अर्ज, विमा, मराठीतली माहिती आणि रात्री अकराला उचललेला फोन यांचे पैसे मागण्यात संकोच कसला? ठाणे-कल्याणचा ग्राहक वकिलाला आणि सीएला फी देतो. आपले काम नीट दिसले तर आपल्यालाही देईल.

म्हणून या हंगामापासून प्रत्येक क्रूझ कोटेशनवर एकूण खर्चाचा एकच आकडा वरच्या ओळीत रुपयांत लिहा. त्याखाली भाडे, पोर्ट चार्जेस, टिप, कर, टीसीएस, व्हिसा, विमा आणि तुमचे सेवाशुल्क वेगवेगळे दाखवा. मागच्या बाजूला रद्द करण्याचे टप्पे तारखांसह मराठीत द्या आणि ग्राहकाची सही घ्या. असा कागद तुम्ही आधीच वापरत असाल तर ग्राहकाचे नाव झाकून त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. चांगले नमुने पुढच्या अंकात छापू, म्हणजे इतरांना ते जसेच्या तसे वापरता येतील.