उपद्रवाची यादी

मुंबईच्या उपनगरांतील कोणत्याही रहिवासी संघाची तक्रारवही उघडली, तर तिच्यातील नोंदींचा क्रम बहुधा ठरलेला आढळतो. पदपथ अडवणारे फेरीवाले, मंडपातील ध्वनिवर्धक, रात्री-अपरात्री वाजणारे हॉर्न, कोपऱ्यावर दुहेरी रांगेत उभ्या केलेल्या मोटारी, तुंबलेले गटार, भटकी कुत्री. यांतील एकही तक्रार खोटी नाही. परंतु ज्या घटनेमुळे त्याच गल्लीचे सारे जीवन पाच-दहा वर्षांत उलटेपालटे होणार आहे, ती घटना, म्हणजे जुन्या इमारतींचा पुनर्विकास, या वहीत क्वचितच सापडते. ती उपद्रवात मोडत नाही, कारण ज्या त्या इमारतीच्या दृष्टीने ती शुभवार्ता असते. उपद्रव नेहमी दुसऱ्याचा असतो.

प्रथम आवाजाचा प्रश्न घेऊ. केंद्र सरकारच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मर्यादा चांगली आहे. पण त्याच नियमांत पुढे असे म्हटले आहे की, आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने किंवा अधिक वाढला, तर नागरिकाने तक्रार करावी. डेसिबलची मोजपट्टी साध्या बेरजेची नाही. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट वाढ. म्हणजे कायदा एका हाताने शांततेचा हक्क देतो आणि दुसऱ्या हाताने सांगतो की, हक्कावर दहापट अतिक्रमण होईपर्यंत थांबावे. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाल्यास मात्र ही अट नाही. २०१०च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्री आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवण्यास, तसेच आवाज करणारी बांधकामयंत्रे चालवण्यास बंदी घातली. या बंदीतील पहिला भाग रहिवासी संघांना तोंडपाठ असतो. दुसऱ्या भागाची आठवण शेजारच्या भूखंडावर खोदकाम सुरू झाल्यावर होते आणि स्वतःच्या भूखंडावर सुरू झाले की तिचा पुन्हा विसर पडतो.

रस्त्यावरचा गोंगाट हा वाहनचालकांच्या असंस्कृतपणाचा परिणाम आहे, असे मध्यमवर्गाला मनापासून वाटते. असंस्कृतपणा आहेच. परंतु ज्या गल्लीत वीस वर्षांपूर्वी दहा मोटारी होत्या तिथे आज शंभर असतील, तर चालकांना सुविचारांचे फलक दाखवून आवाज कमी होणार नाही. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. तो ताफा पुष्कळच आटला आहे. जो प्रवासी बसमधून उतरवला गेला, तो दुचाकीवर, रिक्षात किंवा मोटारीत बसून त्याच गल्लीतून जातो. बसमार्ग बंद झाल्याबद्दल निषेधाचा ठराव करणारे रहिवासी संघ किती? आणि हॉर्नविरोधी पत्रके काढणारे किती?

इथेच वाहतूक आणि पुनर्विकास हे दोन विषय एकमेकांना भेटतात. चार मजल्यांची, सोळा बिऱ्हाडांची इमारत पाडून तिच्या जागी वीस मजली मनोरा उभा राहतो. नियमानुसार त्यात वाहनतळाचे मजले असतात. अशा पाच-सात इमारती एका गल्लीत उठल्या की सदनिका कितीतरी पटींनी वाढतात, मोटारी त्याहून वाढतात. रस्त्याची रुंदी मात्र जवळजवळ तीच, जलवाहिनी तीच, मलवाहिनी तीच. कारखान्याच्या धुराचा भुर्दंड कारखानदारावर न पडता शेजाऱ्यांवर पडतो, हे पिगू यांनी १९२०च्या आपल्या ग्रंथात मांडले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते उदाहरण धुराड्याचे म्हणून शिकवले जाते. गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेचे म्हणूनही ते शिकवता येईल. जादा चटईक्षेत्र सभासद आणि बिल्डर वाटून घेतात. गर्दी, धूळ, आवाज आणि पाण्याची टंचाई गल्लीला वाटली जाते.

चटईक्षेत्र ही कोणाच्या घामातून निर्माण होणारी वस्तू नाही. शासन ती एका अधिसूचनेने निर्माण करते आणि तिला किंमत येते ती शहराच्या रेल्वेमुळे, बाजारपेठांमुळे, लाखो लोकांच्या श्रमांमुळे. या अनर्जित मूल्यावर समाजाचा पहिला हक्क आहे, हे समाजवादी अर्थविचाराचे जुने प्रतिपादन. पण पुनर्विकासाच्या वाटाघाटीत समाज कुठेच बसलेला नसतो. सहकारी संस्थांसाठी २००९ साली निघालेल्या शासकीय निर्देशात तीन-चतुर्थांश बहुमताची अट होती. २०१९च्या सुधारित निर्देशाने ती एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांवर आणली. सभेचे चित्रीकरण, निबंधकांच्या प्रतिनिधीची उपस्थिती, बिल्डरकडून बँक हमी अशा तरतुदीही आहेत, आणि त्या सभासदाच्या संरक्षणासाठी आवश्यकच आहेत. परंतु हे सारे संस्थेच्या कुंपणाच्या आतले. कायद्याला गृहनिर्माण संस्था ओळखता येते, महापालिका ओळखता येते. या दोहोंच्या मध्ये असलेली गल्ली त्याला ओळखता येत नाही.

वास्तविक ती ओळखण्याची सोय व्हायला हवी होती. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. खेड्याला ग्रामसभा मिळाली; शहरातील मतदाराला मात्र तशी सभा मिळाली नाही. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद झाली. ती कागदावरच राहिली. मुंबईत तर मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते, सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. एवढ्या काळात किती इमारतींना परवाने मिळाले असतील, आणि त्याबद्दल गल्लीने कोणाला विचारायचे होते?

ही पोकळी रहिवासी संघच भरून काढू शकतो. पण त्यासाठी त्याला आपल्या व्याख्येतून बाहेर यावे लागेल. आज बहुतेक संघ हे मालकांचे मंडळ असतात. भाडेकरू, चाळकरी, गल्लीच्या तोंडाशी भाजी विकणारी बाई, रात्रभर खुर्चीत बसणारा पहारेकरी यांना त्याचे सभासदत्व नसते. आवाजाचा सर्वाधिक मारा मात्र यांच्यावरच होतो. दहाव्या मजल्यावर दुहेरी काचा लावता येतात. पदपथावर लावता येत नाहीत. फेरीवाल्यांविषयीच्या २०१४च्या केंद्रीय कायद्याने या बाबतीत पुष्कळ शहाणपण दाखवले आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्याच समितीत रहिवासी संघांनाही प्रतिनिधित्व असावे, असे तो सांगतो. ज्याला वहीत उपद्रव म्हणून लिहिले, त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर संघाच्या चिटणिसाला कायद्याने बसवले आहे. चिटणीस त्या खुर्चीकडे फिरकत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

गल्लीत तक्रार करणेही सोपे नसते. कुर्ल्यातील रहिवासी संघटनांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाला पोलिसांना असे बजवावे लागले की, ध्वनिवर्धकाबाबत तक्रार करणाऱ्याचे नाव उघड करू नये. एका माणसाचे नाव झाकता येते. शंभर कुटुंबांनी एकत्र सही केली तर ते झाकण्याची गरज उरत नाही. संघटनेचा उपयोग मुख्यतः हाच.

समाजवादी कार्यकर्त्यांना हे नव्याने सांगण्याची वास्तविक गरज पडू नये. गोरेगावात मृणाल गोरे यांनी सुरुवात केली ती पाण्यापासून. कोरडा नळ चाळीचा वेगळा आणि इमारतीचा वेगळा नसतो, आणि म्हणूनच त्या लढ्याने 'पाणीवाली बाई' हे नाव घराघरांत पोहोचवले. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे, कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन, दिंडोशीच्या जमिनीवर सामान्य माणसासाठी घरांची वसाहत उभी करून दाखवली. तो १९७६चा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये गुंडाळला. त्यानंतर रहिवासी संघ म्हणजे पांढरपेशांचे फावल्या वेळचे उद्योग, असे म्हणून कार्यकर्त्यांनी तिकडे पाठ फिरवली. मोकळी झालेली जागा रिकामी राहिली नाही. तिथे बिल्डरांचे दलाल येऊन बसले.

त्याच गोरेगावात सिद्धार्थनगरची, म्हणजे पत्राचाळीची, कहाणी घडली. २००८ मध्ये त्रिपक्षीय करार झाला; एका बाजूला ६७२ भाडेकरूंची संस्था, दुसऱ्या बाजूला म्हाडा, तिसरा बिल्डर. लोकांनी घरे रिकामी केली. मग भाडे थकले, पुनर्वसनाच्या इमारती अर्धवट राहिल्या, बिल्डरने चटईक्षेत्र इतरांना विकल्याचे आरोप झाले, आणि २०१८ मध्ये म्हाडाला प्रकल्प ताब्यात घ्यावा लागला. दरम्यान मुले मोठी झाली, काही वृद्ध नव्या घराची वाट पाहतच गेले. या प्रकरणातील आर्थिक गुन्ह्यांची चर्चा वृत्तपत्रांत पुष्कळ झाली. कमी चर्चा झाली ती एका साध्या गोष्टीची. चाळ उभी असेपर्यंत भाडेकरू ही एक शक्ती असते. एका हाकेला माणसे ओट्यावर जमतात. किल्ल्या हातातून गेल्या की तीच माणसे विरार, कल्याण, पनवेलला पांगतात आणि संघटनेची नुसती यादी होते. करारातले प्रत्येक कलम चाळ उभी असताना घासाघीस करून मिळवायचे असते, कारण नंतर त्यासाठी जमणारे कोणी उरत नाही.

म्हणून पक्षाच्या शाखांनी आपल्या भागात ज्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या सभा लागल्या आहेत त्यांची नोंद घ्यावी, आणि सभेआधी संपूर्ण गल्लीची बैठक बोलवावी. तीत भाडेकरू असावेत, फेरीवाले असावेत, पहारेकरीही असावेत. किती मोटारींचा वाहनतळ येणार, काँक्रीटच्या गाड्या कोणत्या वेळी येणार, पाणी कुठून येणार, काम चालू असताना भाजीवालीचा ठेला कुठे हलणार, हे प्रश्न बिल्डरपुढे एकट्या संस्थेने नव्हे तर गल्लीने ठेवावेत. आणि घरे रिकामी होण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाचा पुढचा पत्ता वहीत लिहून घ्यावा, महिन्याचा एक रविवार ठरवावा, आणि त्या रविवारी जुन्या जागेच्या कुंपणापाशी सभा भरवावी. पहिल्या महिन्यातही आणि साठाव्या महिन्यातही.