नुसतं "हस की" म्हणून हसू येत नाही

मैत्रिणींनो, बायोडाटासाठी मुलीचे फोटो बाहेर काढायचे म्हटलं की आपण चौघीजणी मागे उभ्या राहतो. "मान वर कर, पोट आत घे, हस की!" मागच्या महिन्यात भाचीला घेऊन आम्ही सांगलीत कृष्णेच्या घाटावर गेलो. पाचव्या फोटोला तिचे डोळे भरून आले. ओरडत मीच होते.

जी कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही, तिला भाव सांगूच नयेत, काम सांगावं. मी बाकीच्यांना चहाला पाठवलं. तिला म्हटलं, पायऱ्या उतरत ये, पदर सावर, मग थांबून माझ्याकडे बघ. हात रिकामे राहिले की लाकडासारखे ताठ होतात. वजन एका पायावर टाकलं की अंग आपोआप सैल पडतं. ऊन चढल्यावर डोळे बारीक होतात, तेव्हा झाडाची सावली गाठावी. पण पोझसाठी फूल तोडून हातात देऊ नये, पावसाळ्यात हिरवळीवर बसवू नये. एका फोटोपायी एवढी हिंसा कशाला?

शेवटी तिला तिच्या पहिल्या फसलेल्या पुरणपोळीबद्दल विचारलं. सांगता सांगता ती खळखळून हसली, तेव्हा बटण दाबलं. त्यात तिचा वाकडा दात दिसतो. वहिनी म्हणतात, हा नको. भाचीला विचारलं, तर तिला तोच हवाय. बायोडाटाला तोच लावलाय.