अनुदानाचे इंजिन आणि धोरणाचे रूळ

चालकविरहित वाहने, गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा, पुलांची व रुळांची प्रकृती तपासणारी उपकरणे अशा नव्या वाहतूक-तंत्रविद्येसाठी लहान उद्योजकांना सरकारी तिजोरीतून साहाय्य देण्याचे धोरण केंद्र शासनाने गेल्या काही वर्षांत अवलंबिले आहे. २०१८ च्या डिसेंबरात सायबर-भौतिक प्रणालींच्या राष्ट्रीय अभियानाला ३,६६० कोटी रुपये मंजूर झाले आणि त्यातून हैदराबादच्या आयआयटीत स्वयंचलित वाहनांच्या चाचणीसाठी खास मैदान उभे राहिले. २०२१ मध्ये ९४५ कोटींची नवोद्योग बीजनिधी योजना आली. तीत कल्पना सिद्ध करून नमुना-यंत्र घडविण्यासाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. १३ जून २०२२ रोजी रेल्वे खात्याने आपले नवोपक्रम धोरण जाहीर केले. त्यानुसार दीड कोटी रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते आणि यंत्राचे बौद्धिक स्वामित्व ते घडविणाऱ्याकडेच राहते. सरकार लहान माणसाच्या बुद्धीवर पैसा लावावयास निघाले आहे, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि पैसा दिला म्हणजे धोरण पुरे झाले, असा समज दिल्लीत असेल तर तो वेळीच दूर झाला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

या धोरणाची कसोटी पाहावयाची तर ती बडोद्यात पाहावी. सयाजीरावांचे हे शहर मराठी वाचकाला परके नाही; २०१८ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते. वाहतूकविद्येला लागणारे जवळजवळ सारे काही आज या एका शहराच्या परिसरात एकवटले आहे. लालबागेच्या आवारात वाहतूक या विषयाला वाहिलेले गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रेल्वे व परिवहन संस्थेचे २०२२ मध्ये कायद्याने केंद्रीय विद्यापीठ झाले. जवळच सावली येथे अल्स्टॉमचा कारखाना आहे आणि दिल्ली-मेरठ मार्गावरच्या वेगवान गाड्या तेथे बांधल्या गेल्या. हालोलच्या कारखान्यातून चालकाला साहाय्य करणारी, समोरचा धोका ओळखून स्वतः गती आवरणारी मोटारगाडी बाहेर पडू लागली. मुंबई-दिल्ली लोहमार्ग तर शहराच्या मधूनच जातो. विद्यापीठ, कारखाने आणि मार्ग यांचा असा त्रिवेणी संगम देशात अन्यत्र क्वचितच आढळेल. अनुदानाला फळ यावयाचे तर ते येथे यावयास हवे. परंतु सावलीच्या कारखान्याची मालकी फ्रेंच, आणि हालोलच्या कारखान्यात मोठा वाटा चिनी कंपनीचा. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदाराला या संगमात कोणते स्थान आहे, हाच खरा प्रश्न होय.

याच भूमीत दीडशे वर्षांपूर्वी घडलेली एक गोष्ट येथे आठवते. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम हा अरुंद लोहमार्ग टाकण्यात आला. कोणत्याही देशी संस्थानाने स्वतः घातलेला हा पहिलाच लोहमार्ग. पण त्यावरून गाड्या ओढीत होते ते बैल! विलायतेहून इंजिने आणविली गेली. मात्र अंथरलेले रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना सोसवेना. पुढे १८७३ मध्ये भक्कम रूळ टाकले गेले, तेव्हा कोठे या मार्गाला खरा उपयोग लाभला. इंजिन विकत घेण्याची ऐपत आणि हौस असूनही बैल जुंपावे लागले, ते रुळांचा विचार आधी न केल्यामुळे. आजची अनुदाने पाहिली की आम्हांस त्या इंजिनांची आठवण होते.

मग हे रूळ कोणते? पहिला रूळ भांडवलाचा. रेल्वेचे साहाय्य निम्म्या-निम्म्या भागीदारीचे आहे. म्हणजे जेवढे सरकार देईल तेवढेच उद्योजकाने घालावयाचे. चार-पाच अभियंत्यांनी मिळून चालविलेल्या उद्योगाने दीड कोटी रुपयांपर्यंतची रक्कम कोठून उभी करावी? बँक तारण मागते, आणि डोक्यातली कल्पना तारण म्हणून ठेवता येत नाही. दुसरीकडे, वाहन उद्योगासाठी २०२१ मध्ये मंजूर झालेली २५,९३८ कोटींची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना पाहा. तीत सुट्या भागांच्या प्रस्थापित उत्पादकाला प्रवेश हवा असेल तर त्याच्या उद्योगसमूहाची उलाढाल किमान ५०० कोटींची असली पाहिजे. मोठ्यांना हजारो कोटींची योजना आणि लहानांना लाखांचे अनुदान, या दोहोंच्या मध्ये एक मोठी दरी आहे. नमुना तयार झाला, पण उत्पादन सुरू होण्याइतके बळ आले नाही, अशा अवस्थेतला उद्योजक त्याच दरीत कोसळतो.

दुसरा रूळ पहिल्या गिऱ्हाईकाचा. वाहतुकीच्या क्षेत्रात खरेदीदार बहुधा सरकारच असते. रूळ रेल्वेचे, पूल बांधकाम खात्याचे, बसगाड्या परिवहन महामंडळाच्या, चौकातले दिवे पालिकेचे. यांपैकी कोणी यंत्र विकत घेतले नाही, तर उत्तमातले उत्तम यंत्रही कपाटात धूळ खात पडते. ‘कवच’ या टक्करविरोधी यंत्रणेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. रेल्वेच्या संशोधन संस्थेने ही यंत्रणा भारतीय उद्योगांच्या साहाय्याने घडविली; प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या २०१६ मध्ये सुरू झाल्या; २०२० मध्ये ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. ती बनविणारे उद्योग जगातल्या बलाढ्य कंपन्यांच्या तुलनेत लहानच होते. ते टिकले, कारण रेल्वेने त्यांच्यासमोर ठोस मागणी ठेवली. पण गतीचे काय? २०२४ च्या आरंभी ही यंत्रणा १,४६५ किलोमीटर मार्गावर बसलेली होती, आणि आपल्या लोहमार्गांची लांबी आहे सुमारे ६८ हजार किलोमीटर. दिल्ली-मुंबई मार्गावर, बडोदे-अहमदाबाद टप्प्यासह, ते काम पुढे हाती घेण्यात आले. मागणी दिली, परंतु दशकभर रेंगाळली, तर लहान उद्योग तोवर जगावा कसा?

तिसरा रूळ अपयश पचविण्याच्या शक्तीचा. या बाबतीत आम्हां किनारपट्टीच्या लोकांना दूर जावयास नको. कोकण रेल्वेने मडगावला उभारलेला ‘स्कायबस’चा प्रायोगिक मार्ग अनेक वाचकांनी प्रत्यक्ष पाहिला असेल. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीच्या वेळी अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा बळी गेला. त्यानंतर ते खांब कित्येक वर्षे नुसते उभे राहिले आणि २०१३ मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. त्याच रेल्वेने विकसित केलेले टक्करविरोधी ‘रक्षाकवच’ हे उपकरण ईशान्येच्या लोहमार्गावर बसविले गेले, पण तेही पुढे मागे पडले. प्रयोग फसला याचे आम्हांस दुःख नाही, प्रयोग फसतातच. दुःख याचे, की त्यात काय चुकले, काय साधले, याचा स्वच्छ हिशेब सामान्य नागरिकासमोर कधी मांडला गेला नाही. जनतेच्या पैशाने केलेल्या प्रयोगाचे अपयशही जनतेच्या मालकीचे असते. ते झाकून ठेवले की पुढचा प्रयोगकर्ता तीच चूक नव्याने करतो, आणि तीही पुन्हा जनतेच्याच पैशाने.

चौथा रूळ कायद्याचा आणि जबाबदारीचा. येथे तर सरकारचा उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला ठाऊक नसावे अशी स्थिती आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीने नव्या शोधांना उत्तेजन देण्यासाठी विशिष्ट वाहनांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. एक खाते चालकविरहित वाहनांच्या चाचणीसाठी मैदान बांधते. आणि केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री श्री. नितीन गडकरी २०२३ च्या डिसेंबरात नागपुरात सांगतात, की अशी वाहने आपण देशात येऊ देणार नाही, कारण त्यांमुळे चालकांच्या नोकऱ्या जातील. श्री. गडकरींची चिंता आम्ही क्षुल्लक मानीत नाही. लक्षावधी घरांच्या चुली स्टिअरिंगच्या चाकावर पेटतात. पण ज्या वस्तूला रस्त्यावर येऊ द्यावयाचे नाही, तिच्या संशोधनाला पैसा देणे हे कोणत्या नियोजनात बसते? ब्रिटनने २०२४ मध्ये स्वयंचलित वाहनांचा स्वतंत्र कायदा केला आणि गाडी स्वतः चालत असताना घडलेल्या प्रमादाचे उत्तरदायित्व आत बसलेल्या माणसावर न टाकता त्या यंत्रणेची हमी घेणाऱ्या संस्थेवर टाकले. अमेरिकेत टेंपी येथे २०१८ मध्ये उबरच्या चाचणी-वाहनाखाली एक पादचारी स्त्री मरण पावली, तेव्हा फौजदारी खटला झाला तो देखरेखीसाठी गाडीत बसविलेल्या कर्मचारी स्त्रीवर. कंपनी त्यातून सुटली. दोष कोणाचा हे आधी ठरविले नाही, तर अखेरीस तो सर्वांत दुबळ्याच्या माथी बसतो. आपल्याकडे तो कोणाच्या माथी बसेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

म्हणून अनुदान कोणत्या यंत्राला द्यावे याचाही विवेक हवा. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत जवळजवळ निम्मे दुचाकीस्वार होते आणि सुमारे पंचमांश पादचारी. धनिकाच्या मोटारीला चालकाची गरज उरू नये, ही त्यांची निकड नव्हती. एस.टी.च्या चालकाला डुलकी लागताच जागे करणारे उपकरण, दुचाकीला परवडणारी धोक्याची सूचना, रुळाला गेलेला तडा गाडी येण्यापूर्वी सांगणारी यंत्रणा, ही आपली निकड आहे. रेल्वेने आपल्या धोरणात तुटलेल्या रुळाचा शोध हा विषय आरंभीच घातला, ही त्यांतल्या त्यात समाधानाची गोष्ट.

आणि पूल? ९ जुलै २०२५ रोजी सकाळी बडोदे जिल्ह्यातल्या पादरा तालुक्यात मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळला. चार दशकांचा तो पूल बडोदे व आणंद या जिल्ह्यांना जोडणारा. वाहने नदीत पडली आणि वीस जण तरी प्राणांस मुकले. वाहतुकीच्या विद्यापीठाचे शहर जवळच असताना हे घडले. पुलाच्या गाभ्यातली हालचाल मोजणारी उपकरणे बनविणे आज लहान उद्योजकालाही अशक्य राहिलेले नाही, आणि अशी उपकरणे राज्यातल्या प्रत्येक जुन्या पुलावर बसली पाहिजेत. पण एक कटू सत्य आम्हांस सांगितलेच पाहिजे. तो पूल धोकादायक असल्याची लेखी सूचना स्थानिक लोकप्रतिनिधीने २०२२ मध्येच दिली होती, असे दुर्घटनेनंतर प्रसिद्ध झाले. माणसाने सांगितलेले ज्या कचेरीत ऐकले जात नाही, तेथे यंत्राने सांगितलेले ऐकले जाईल याची शाश्वती कोणी द्यावी? यंत्राने धोका दर्शविल्यावर किती तासांत पूल बंद करावयाचा आणि तो न करणाऱ्या अधिकाऱ्यावर कोणती कारवाई करावयाची, हे आधी लिहून ठेवले नाही तर नवे उपकरण म्हणजे फायलीतला आणखी एक कागद ठरेल.

बडोद्याच्या निमित्ताने आमची सूचना साधी आहे. गतिशक्ती विश्वविद्यालयाला केवळ पदव्या देण्यात न गुंतवता रेल्वे, राज्य परिवहन महामंडळ आणि पालिका यांच्या अडचणी नेमक्या शब्दांत मांडण्याचे आणि त्यांवरच्या यंत्रांची निःपक्ष परीक्षा घेण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. परीक्षेत उतरलेल्या यंत्राची ठरावीक खरेदी संबंधित खात्याने केलीच पाहिजे, अशी अट अनुदानाच्या आदेशातच असावी. लहान उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातलेले आहे; ते सरकारी खात्यांनी आधी स्वतः पाळावे. प्रत्येक प्रयोगाचा निष्कर्ष, यशाचा असो वा अपयशाचा, लोकांसमोर यावा. ज्यांच्या पोटावर नव्या यंत्राने पाय येण्याचा संभव आहे, त्या चालकांना नव्या कामाचे शिक्षण देण्याचा खर्चही त्याच निधीतून व्हावा.

आमच्या राज्यातही मेरशीच्या चौकात २०२३ मध्ये वाहनांची गर्दी स्वतः जोखणारे दिवे लागले आणि त्यांचा गाजावाजाही पुष्कळ झाला. त्यांनी किती अपघात टळले, याचा आकडा मागण्याचा अधिकार गोमंतकीय करदात्याला आहे आणि त्याने तो बजावला पाहिजे. डभोईच्या बैलांनी गाडी ओढली, त्यात बैलांचा दोष नव्हता आणि इंजिनाचाही नव्हता. रूळ अंथरणे हे दरबाराचे काम होते. आज ते काम शासनाचे आहे. अनुदानाची यादी प्रसिद्ध करून त्यातून सुटका होत नाही.