पाचशे ग्रॅमचा मल्ल कोणी घडवावा?

शालेय विज्ञानस्पर्धांमध्ये अलीकडे ज्या प्रकाराने विद्यार्थ्यांचे चित्त वेधून घेतले आहे, त्या सुमो रोबोंच्या झुंजीविषयी मला नितांत आस्था आहे; आणि आस्था आहे म्हणूनच, नवशिक्यांच्या नावाने भरणाऱ्या या स्पर्धांत नवशिक्यांनी स्वतः काहीच न घडवण्याचा जो शिरस्ता पडू लागला आहे, त्याला वेळीच हरकत घेणे मी कर्तव्य समजतो.

हा खेळ मूळचा जपानचा. फुजिसॉफ्ट या संगणक-कंपनीचे संस्थापक हिरोशी नोझावा यांच्या पुढाकाराने १९८९ साली त्याचे प्रदर्शनीय सामने झाले, पुढच्याच वर्षी रीतसर स्पर्धा सुरू झाली, आणि टोकियोतील कोकुगिकान या ज्या वास्तूत खरे सुमो मल्ल झुंजतात, तिथे या यांत्रिक मल्लांच्याही अंतिम लढती होत आल्या. नवशिक्यांसाठी यातला ‘मिनी’ वर्ग उत्तम. रोबोची लांबी-रुंदी १० सेंटिमीटर, वजन फार तर ५०० ग्रॅम. आखाडा ७७ सेंटिमीटर व्यासाचा, काळा, आणि त्याच्या कडेला अडीच सेंटिमीटर रुंदीची पांढरी पट्टी. पंचांचा इशारा झाल्यावर रोबोने ५ सेकंद निश्चल राहायचे, मग प्रतिस्पर्ध्याला हुडकून बाहेर लोटायचे. त्या क्षणापासून कोणाचा हात नाही, रिमोट नाही, सल्ला नाही.

इतक्या तुटपुंज्या परिमाणात पदार्थविज्ञान आणि तर्कशास्त्र किती दाटीने भरलेले असते, हे ज्याने असा रोबो एकदा जुळवला आहे त्यालाच उमगेल. समोरचा गडी शोधण्यासाठी विद्यार्थी बहुधा श्राव्यातीत ध्वनीचा स्वस्त सेन्सर बसवतात. तो ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. समोर कोणीच नसेल, तर त्याचे हे वाट पाहणे सुमारे ३८ सहस्रांश सेकंद चालते. आता सेकंदाला एक मीटर वेगाने धावणारा रोबो तेवढ्या अवधीत जवळजवळ पावणेचार सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, आणि कडेची पांढरी पट्टी तर अडीच सेंटिमीटरचीच. म्हणजे शत्रूचा कानोसा घेण्यात गुंतलेला आपला मल्ल सीमारेषा केव्हा ओलांडून गेला, याची दादही त्याला लागत नाही. ज्या मुलीला हे स्वतः उमगते, ती वही घेऊन बसते, ७७ सेंटिमीटर जाऊन परत येण्यास ध्वनीला साडेचार सहस्रांश सेकंद पुरतात असे काढते, पाचाच्या पुढे वाट पाहू नये अशी तजवीज आज्ञावलीत करते, आणि कडेची तपासणी सर्वांत आधी व शत्रूचा शोध त्यानंतर, हा क्रम कायमचा शिकते.

तीच गोष्ट ताकदीची. अधिक जोराची मोटर म्हणजे अधिक रेटा, अशी मुलांची प्रथम समजूत असते; परंतु चाक घसरू लागले की मोटरचा सारा जोर वाया जातो, आणि चाक किती रेटू शकेल हे टायरच्या पकडीवर आणि त्यावर पडलेल्या भारावर ठरते. पुढची उतरती पाती प्रतिस्पर्ध्याच्या बुडाखाली सरकली, की त्याच्या वजनाचा काही हिस्सा आपल्या चाकांवर येतो. त्याची पकड सुटते, आपली घट्ट होते. आखाड्यात कामी येणारे घर्षण ते हेच.

आता कैफियत मांडतो. खाजगी शिकवणी-वर्गांकडून पूर्ण जुळवलेला, आज्ञावली भरलेला रोबो विकत आणायचा, त्यावर शाळेचे नाव चिकटवायचे आणि मुलांना आखाड्याशी उभे करायचे, असा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. एका स्पर्धेत असाच एक देखणा रोबो आखाड्यात ठेवताच जागच्या जागी मागे-पुढे हेलकावू लागला. उघड्या खिडकीतून आखाड्यावर ऊन पडले होते, उन्हातील अवरक्त किरणांनी कडेच्या सेन्सरची फसगत होत होती, आणि त्याच्यामागचा मुलगा, ज्याचा यात काडीचा दोष नव्हता, वर्गाच्या सरांना फोन लावण्याची परवानगी पंचांकडे मागत होता. शेजारच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या अंगाचा रोबो घेऊन आलेली एक मुलगी त्याच वेळी सेन्सर आखाड्यावर धरून आकडे टिपत होती: काळ्यावर ८०० च्या आसपास, पांढऱ्यावर १५० च्या खाली, उन्हाच्या कवडशात भलतेच. तिने पुठ्ठ्याचाच एक तुकडा कापून सेन्सरभोवती आडोसा केला. पुढच्या फेरीत ती हरली, कारण तिचा मोटर-ड्रायव्हर बॅटरीचे सुमारे दोन व्होल्ट स्वतःच गिळून बसला होता. परंतु ते कारणही तिला मल्टिमीटर लावून सापडले.

असे सांगितले जाते की, ज्या गावांत शिक्षकालाच सोल्डर करता येत नाही, तेथील मुलांना तयार किटखेरीज वाट नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. तथापि सुटे भाग घेऊन स्वतः जुळवण्याचा किट आणि जुळवून आणलेला रोबो यांत महदंतर आहे, आणि पहिल्याला माझी मुळीच हरकत नाही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ वा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सुटे भाग सहज मिळतात व दूरच्या गावी ते टपालाने पोचतात. आखाडा गावचा सुतार प्लायवूडचा करून देऊ शकतो. २०१६ पासून केंद्र सरकारने अटल टिंकरिंग लॅबसाठी प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद केली. ज्या शाळांना ती लाभली, त्यांनी शेजारच्या शाळेतील मुलांनाही आठवड्यातून एक दुपार तेथे बसण्याची मुभा द्यावी.

आयोजकांवर मात्र अधिक मोठी जबाबदारी आहे, कारण नियमांचा मसुदा तेच करतात. झुंजीआधी पंचांनी प्रत्येक चमूची पाच मिनिटे तोंडी तपासणी करावी, आणि तिचे गुण अंतिम निकालात धरावेत: अमुक ओळ आज्ञावलीत का आहे, ती काढली तर रोबो काय करील, पकड वाढवायची तर कोठे हात घालाल. ज्याने रोबो घडवला आहे तो अडखळत का होईना, पण उत्तर देतो. त्याहूनही निकडीची सुधारणा म्हणजे बाद पद्धत बंद करणे. महिनाभर खपून केलेला रोबो पहिल्याच लढतीत दहा सेकंदांत बाहेर गेला आणि मुले दुपारच्या एसटीने घरी परतली, तर त्या पराभवातून काही दुरुस्त करण्याची संधीच त्यांना मिळत नाही. साखळी पद्धतीने प्रत्येकाला निदान चार-पाच लढती द्याव्यात, दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास ठेवावा, आणि सभागृहाच्या एका कोपऱ्यात सोल्डरिंगचे सामान, सुटे टायर व सरावाचा एक आखाडा मांडून ठेवावा. यासाठी दिवस एकाऐवजी दोन लागतील, चमूंची संख्या कमी करावी लागेल, प्रायोजकांना पारितोषिक समारंभ थोडा आटोपता घ्यावा लागेल. येत्या हंगामाची नियमावली छापखान्यात जाण्यापूर्वी एवढा फेरफार आयोजकांनी अवश्य करावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.